भिंत पडली त्याच रात्री जर्मनी एक झाला?

‘९ नोव्हेंबर १९८९ला बर्लिनची भिंत पडली आणि त्याच रात्री दोन्ही जर्मनी एक झाले’ हे वाक्य वर्षानुवर्षे फिरतंय. भिंतीवर चढलेल्या गर्दीचे फोटो पाहून तसं वाटणं साहजिकच. पण त्या रात्री फक्त सीमेवरची फाटकं उघडली. पूर्व जर्मनी हा देश पुढे जवळपास अकरा महिने शाबूत होता. मार्च १९९०मध्ये तिथे निवडणूक झाली, १ जुलैला पश्चिमेचं चलन, मार्क, आलं, विलीनीकरण ३ ऑक्टोबरला. ‘गुड बाय, लेनिन!’ या जर्मन चित्रपटाची सगळी गंमत या मधल्या काळातली. कोमातून उठलेल्या आईला देश बदलल्याचं कळू नये म्हणून मुलगा जुन्या पूर्व जर्मन बरणीत नव्या काकड्या भरतो. पडताळायचंय? ८ जुलै १९९०ला फुटबॉलचा विश्वचषक कोणी जिंकला ते पाहा. नोंद ‘पश्चिम जर्मनी’ अशीच सापडेल.