पोटाची सोनोग्राफी आणि पिण्याचे कॉन्ट्रास्ट: पार्श्वभूमी

मंडणगड-राजापूरकडचा पेशंट रात्रीपासून उपाशी राहतो, पहाटेची एसटी पकडून सोनोग्राफीला जातो आणि ‘गॅसमुळे स्वादुपिंड नीट दिसले नाही’ असा रिपोर्ट घेऊन परततो. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे (1994, दुरुस्ती 2003) सोनोग्राफीचे मशीन नोंदणीच्या जागेबाहेर सहसा गावोगाव फिरवता येत नाही. हेलपाटा पेशंटलाच पडतो. कायद्याचा हेतू रास्तच, पण त्याची ही बाजू क्वचितच बोलली जाते.

सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी हवेतून नीट पार होत नाहीत, पाण्यातून होतात. म्हणून गॅसवरचा जुना उपाय म्हणजे जठर पाण्याने भरणे. 1970 च्या दशकापासून तो माहीत आहे. अर्धा लिटरभर पाणी पाजून पेशंटला बसवले की हवा वर जाते आणि पाण्यातून मागचे स्वादुपिंड दिसू लागते. पाणी उकळून गार केलेले बरे, कारण त्यात विरघळलेली हवा कमी असते. सोडा अर्थातच बाद. अडचण एकच, पाणी जठरात फार वेळ थांबत नाही.

म्हणून सिमेथिकोनचा (गॅसचे बुडबुडे फोडणारे औषध) लेप दिलेल्या सेल्युलोजचे (वनस्पतींतला तंतू) पेय तयार झाले; अवयव पडद्यावर नीट दिसावा म्हणून पाजायच्या अशा द्रवालाच पिण्याचे कॉन्ट्रास्ट म्हणतात. हे पेय आले आणि 1998 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पुढे ते बाजारातून गेले. ‘उपयोग नव्हता म्हणून गेले’ असे सर्रास म्हटले जाते, ते पटत नाही. त्याच सुमारास अनेक स्लाइसचे सीटी स्कॅनर आले आणि काही सेकंदांत सगळे पोट दिसू लागले. पेय पाजून, कुशी बदलवून पाहत बसायला वेळ कुणाकडे होता? पण ही तुलना सीटी हाताशी असलेल्या शहरांची. सावंतवाडीकडच्या माणसाला मोठ्या तपासणीसाठी गोवा किंवा कोल्हापूर गाठावे लागायचे, त्याचा हिशेब वेगळा.

चीनने दुसरी वाट धरली. तिथे भाजलेल्या धान्याची पूड गरम पाण्यात कालवून पाजतात. आपल्या पेजेचीच जातकुळी. पडद्यावर पाणी काळे दिसते, तर हे पेय एकसारखे करडे दिसते, त्यामुळे जठराची भिंत उठून दिसते. लहान आतड्यासाठी पॉलिएथिलिन ग्लायकॉलचे द्रावण वापरतात, मुख्यतः क्रोन्सच्या आजारात (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार).

आपल्याकडे अजून साधे पाणीच, तेही डॉक्टरच्या मनावर. उपाशीपोटाची अट मात्र त्याच्या आड येत नाही: पित्ताशय आधी पाहून घ्यायचे, मग तिथेच पाणी पाजायचे.