नियमपुस्तक कुणाच्या हातात? टेबलटॉप रोलप्लेइंगच्या डिजिटल साधनांची पार्श्वभूमी

१९७४ साली अमेरिकेतल्या लेक जिनिव्हा या लहानशा गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून, एकेक पात्र वठवत खेळायचा खेळ बाहेर पडला, तेव्हा त्याचे सगळे नियम एका पेटीतल्या तीन पातळ पुस्तिकांत मावत होते. पाच वर्षांत तिथे तीन जाड पुस्तके आली: १९७७ला ‘मॉन्स्टर मॅन्युअल’, १९७८ला ‘प्लेयर्स हँडबुक’ आणि १९७९ला ‘डंजन मास्टर्स गाइड’. डिजिटल साधनांची गरज कुठून उगवली हे पाहायचे तर त्या काळातला तलवारीचा एक घाव पाहावा. समोरच्या राक्षसाचा बचावाचा आकडा ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये. तो आकडा भेदायला वीस बाजूंच्या फाशावर किती पडायला हवेत, याचा तक्ता ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये. आणि घाव बसलाच तर इजा मोजायला कोणता फासा टाकायचा, हे ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये. एका फेकीसाठी तीन पुस्तके उघडी, आणि तोवर बाकीचे खेळाडू चहा करायला उठलेले. डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा डीएम, याच्यासमोर उभा करायचा पुठ्ठ्याचा पडदा नेमक्या या तक्त्यांसाठी खपला.

म्हणजे संगणकाकडून पहिली मागणी होती ती शोधाशोध आणि बेरजा-वजाबाक्यांची. हे काम संगणकाला अवघड कधीच नव्हते. पुढच्या तीस वर्षांत भांडणे झाली ती दुसऱ्याच गोष्टीवरून: नियमांची फाइल खेळणाऱ्याच्या हातात राहणार की कंपनीच्या.

टीएसआर या मूळ कंपनीने १९९६ साली ‘कोअर रूल्स’ नावाची सीडी काढली. तिच्यात मुख्य पुस्तकांचा मजकूर, पात्र तयार करण्याचा प्रोग्राम आणि नकाशे काढायचे साधन होते. मजकूर आरटीएफ या साध्या स्वरूपात दिला होता आणि तेच तिचे खरे मोल ठरले. पात्र बनवणारा प्रोग्राम जुन्या विंडोजसोबत म्हातारा झाला. आरटीएफ आजही कुठल्याही वर्ड प्रोसेसरमध्ये उघडते. गंमत अशी, की याच कंपनीने दोन वर्षे आधी चाहत्यांनी इंटरनेटवर टाकलेल्या साहित्यावर बडगा उगारला होता.

१९९७ला विझार्ड्स ऑफ द कोस्टने टीएसआर विकत घेतली आणि २०००मध्ये खेळाची तिसरी आवृत्ती काढताना वेगळाच डाव टाकला. रायन डॅन्सी यांच्या पुढाकाराने ‘ओपन गेम लायसन्स’ आले आणि त्यासोबत ‘सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट’, म्हणजे एसआरडी: नियमांचा सांगाडा, कथा-चित्रे वगळून, कुणालाही वापरता येईल असा. व्यापारी हिशेब सरळ होता. इतरांनी साहसे आणि पुरवण्या काढाव्यात, मूळ पुस्तक मात्र आपले खपावे. पण एसआरडीच्या फाइल मोकळ्या होताच लोकांनी त्या वेबपानांत ओतल्या आणि प्रत्येक मंत्राला, प्रत्येक अटीला दुवे जोडले. ‘पकड’ या नियमात ‘जखडलेला’ अशी अवस्था आली की टिचकी मारून तिची व्याख्या समोर. छापील पुस्तकाला हे जमणे शक्य नव्हते. ‘पीसीजेन’सारखी मुक्तस्रोत पात्रसाधनेही त्याच जमिनीवर उगवली.

पीडीएफची बाजारपेठ याच सुमारास उभी राहिली. २००१ला आरपीजीनाऊ, २००४ला ड्राइव्हथ्रूआरपीजी. दुसऱ्या दुकानाने सुरुवातीला फाइलींना कुलूप घातले होते: ठरावीक प्रोग्राममध्ये, ठरावीक यंत्रावरच उघडणाऱ्या फाइली. गिऱ्हाईक वैतागले, कुलूप काढावे लागले आणि त्या जागी पानाच्या तळाशी खरेदीदाराचे नाव नि ऑर्डर क्रमांक छापण्याची पद्धत आली. ही तडजोड टिकली. फाइल कुठेही उघडते, पण ती गावभर वाटणाऱ्याचे नावही सोबत फिरते. प्रकाशकाने चुका दुरुस्त केल्या की जुन्या गिऱ्हाइकाला नवी प्रत फुकट उतरवता येते, हा आणखी एक लाभ. छापील पुस्तकाला शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवावी लागते.

सगळ्या पीडीएफ मात्र सारख्या नसतात. जुन्या पुस्तकांच्या पुष्कळ फाइली स्कॅन करून, अक्षरओळख चालवून बनवलेल्या आहेत. धावता मजकूर त्यात बरा उतरतो, तक्ते फसतात. रकाने एकमेकांत मिसळतात आणि ७ चा १ होतो. नव्या फाइलींतही एक खोच असते. इंग्रजी छपाईत एफ आणि आय ही अक्षरे बरेचदा जोडून एकच खूण म्हणून बसवतात. त्या खुणेमागची मूळ अक्षरे फाइलीत नोंदवली नसतील, तर ‘फायटर’ हा शब्द शोधल्यावर दोनशे पानांत एकही सापडत नाही. विकत घेण्याआधी नमुना फाइल मिळत असेल तर हाच शब्द शोधून पाहावा. बुकमार्क प्रकरणापाशीच थांबतात की उपविभागापर्यंत जातात, पार्श्वचित्र वेगळ्या थरात आहे का, म्हणजे ते बंद करून शाई वाचवत छापता येईल का, हेही तपासावे. साडेआठ बाय अकरा इंचांचे दोन रकान्यांचे पान फोनवर वाचणे ही शिक्षाच आहे. ए-फाइव्ह आकाराचे एकरकानी पान फोनवर सुसह्य होते. खेळताना चार-पाचशे पानांची सचित्र फाइल साध्या टॅबवर अडखळते, म्हणून प्रकरणवार तुकडे देणारा प्रकाशक चांगला.

२००९ हे वर्ष या इतिहासाचे वळण आहे. चौथ्या आवृत्तीच्या ‘प्लेयर्स हँडबुक २’ची चोरटी प्रत पसरली, विझार्ड्सने आठ जणांवर दावे लावले आणि एप्रिलमध्ये आपल्या सगळ्या पीडीएफ सर्व दुकानांतून काढून घेतल्या. फक्त विक्री थांबली असती तर गोष्ट वेगळी होती. ज्यांनी आधीच पैसे मोजले होते त्यांनाही फाइल पुन्हा उतरवून घ्यायला अगदी थोडी मुदत मिळाली आणि नंतर दुकानातल्या त्यांच्या खात्यातून ती गेली. ज्यांनी प्रत स्वतःच्या डिस्कवर ठेवली होती त्यांचे काहीच बिघडले नाही. चोरटी प्रत तर आधीच बाहेर होती. जुनी पुस्तके अधिकृत पीडीएफ म्हणून परतायला २०१३ उजाडले.

त्याच २००९मध्ये पायझो या कंपनीने ‘पाथफाइंडर’ हा आपला खेळ काढला, त्याच ओपन गेम लायसन्सच्या आधारावर. छापील मूळ पुस्तक ५७६ पानांचे, जवळपास ५० डॉलरचे, पीडीएफ ९.९९ डॉलरला, आणि नियम वेबवर फुकट. नियम फुकट देऊन पुस्तक खपते का, या प्रश्नाचे उत्तर पायझो आजही देते आहे. परदेशी पुस्तकावर पाठवणीचा खर्च चढणाऱ्या आपल्यासारख्या ठिकाणी तर अशी स्वस्त पीडीएफ हाच पुष्कळांसाठी खेळात शिरायचा दरवाजा ठरतो.

विझार्ड्सचे उत्तर होते वर्गणी. २००८च्या ‘डीअँडडी इनसायडर’मध्ये कंपेंडियम होता: छापून आलेला प्रत्येक राक्षस, प्रत्येक शक्ती शोधता येणारी, ताज्या दुरुस्त्यांसह. साधन म्हणून ते उत्तम होते. चौथ्या आवृत्तीत दुरुस्त्या इतक्या आल्या की छापील पुस्तकापेक्षा कंपेंडियमवर विसंबणेच शहाणपणाचे होते. पात्र बनवायचा प्रोग्राम आधी उतरवून घेता येत होता. २०१०च्या अखेरीस तो मायक्रोसॉफ्टच्या सिल्व्हरलाइट या प्लगिनवर, ब्राउझरमध्ये हलवला. २०१५मध्ये क्रोमने असे प्लगिन चालवणे बंद केले आणि २०१९च्या शेवटी सेवाच संपली. साधन वाईट होते म्हणून मेले नाही. त्याच्याखालची जमीन दुसऱ्याच कंपनीची होती.

एकत्र बसण्याची जागाही एव्हाना पडद्यावर आली होती, म्हणजे दूर बसलेल्यांना एकाच नकाशावर खेळू देणारे प्रोग्राम निघाले होते. फँटसी ग्राउंड्स २००४पासून आहे, रोलट्वेंटी २०१२ला आले आणि फाउंड्री मे २०२०मध्ये, म्हणजे नेमके टाळेबंदीत. रोलट्वेंटी ब्राउझरमध्ये चालते, खाते उघडले की झाले. फाउंड्रीचा परवाना एकदाच आणि फक्त डीएमने घ्यायचा. प्रोग्राम त्याच्याच संगणकावर चालतो आणि बाकीचे दुवा उघडून आत येतात. इथे भारतात हमखास अडते. फाउंड्री ३०००० क्रमांकाच्या पोर्टवर ऐकते आणि राउटरमध्ये ते पोर्ट उघडा असे सगळी मार्गदर्शने सांगतात. पण आपल्याकडच्या अनेक ब्रॉडबँड जोडण्या सीजीनॅटमागे असतात: शेकडो घरांना मिळून एकच बाहेरचा आयपी पत्ता. अशा वेळी राउटरमध्ये कितीही खटपट केली तरी बाहेरचा खेळाडू आत येत नाही. राउटरने दाखवलेला वॅन पत्ता आणि ‘माझा आयपी’ सांगणाऱ्या संकेतस्थळाने दाखवलेला पत्ता वेगळे निघाले, तर बहुधा हेच कारण. मग स्थिर आयपी मागायचा, टनेल सेवा वापरायची किंवा भाड्याचा सर्व्हर घ्यायचा.

नकाशांचेही गणित असते. रोलट्वेंटीचा मूळ चौकोन ७० पिक्सेलचा, फाउंड्रीचा १००चा. तीस बाय चाळीस चौकोनांचा नकाशा १४० पिक्सेलने बनवला तर चित्र ४२०० बाय ५६०० होते. डिस्कवर ते दाबून दोन-तीन एमबीत बसेल, पण पडद्यावर उलगडले की प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरून सुमारे ९४ एमबी मेमरी खाते. जुन्या लॅपटॉपवाल्याचा पडदा काळा होतो तो बरेचदा यामुळे, नेटमुळे नाही. चित्रात रेघा आधीच असतील तर चौकोनाचे माप तंतोतंत जुळवावे लागते. चौकोनामागे एका पिक्सेलची चूक चाळिसाव्या चौकोनाला ४० पिक्सेल होते आणि पात्राचे टोकन भिंतीत उभे राहते. फाउंड्रीची नवी आवृत्ती खेळाच्या दिवशी कधीही चढवू नये. मॉड्यूल, म्हणजे वरून जोडलेल्या पुरवण्या, मागे राहतात आणि दारे, उजेड, पात्रपत्रिका यांतले काहीतरी मोडते. आधी डेटा फोल्डरची प्रत काढावी.

पुणे आणि न्यू जर्सी असा गट असेल तर घड्याळही बघावे लागते. आपले सकाळचे साडेसात म्हणजे तिकडे हिवाळ्यात आदल्या रात्रीचे नऊ, उन्हाळ्यात दहा. तिकडची घड्याळे मार्च आणि नोव्हेंबरमध्ये एक तास सरकतात, तेव्हा एक डाव हमखास चुकतो.

पाचवी आवृत्ती २०१४ला आली, २०१६मध्ये तिची एसआरडी आणि २०१७ला ‘डीअँडडी बियाँड’. हे संकेतस्थळ आधी बाहेरच्या कंपनीचे होते. २०२२ला हॅस्ब्रोने, म्हणजे विझार्ड्सच्या मालक कंपनीने, ते १४.६३ कोटी डॉलरना घेतले. सोय निर्विवाद आहे: पात्र पंधरा मिनिटांत तयार, बेरजा आपोआप, एकाने घेतलेली पुस्तके वर्गणी भरून सगळ्या गटाला वाचता येतात. पण पीडीएफ मिळत नाही. ऑगस्ट २०२४मध्ये जाहीर झाले की त्या वर्षीच्या नव्या नियमांचे मंत्र आणि जादुई वस्तू पात्रपत्रिकांतल्या जुन्यांच्या जागी बसतील. चालू मोहिमेच्या मध्यात मंत्राचा परिणाम बदलणार, आणि तोही पैसे देऊन घेतलेल्या पुस्तकातला. आरडाओरड झाली आणि काही दिवसांत निर्णय मागे घेतला गेला. कपाटातल्या पुस्तकावर असा प्रसंग येत नाही.

त्याआधी, जानेवारी २०२३मध्ये, मोठा स्फोट झाला होता. ओपन गेम लायसन्सचा नवा मसुदा फुटला. जुना परवाना यापुढे अधिकृत राहणार नाही असे त्यात म्हटले होते. जुन्या परवान्यात ‘कायमस्वरूपी’ हा शब्द होता, ‘अपरिवर्तनीय’ नव्हता, आणि वीस वर्षांचा धंदा त्या फटीवर लटकला. वर्गण्या रद्द होऊ लागल्या, पायझोने ‘ऑर्क’ हा नवा खुला परवाना जाहीर केला आणि २७ जानेवारीला विझार्ड्सने पाचव्या आवृत्तीची एसआरडी ५.१ सरळ क्रिएटिव्ह कॉमन्सखाली सोडली. हा परवाना अटी पाळणाऱ्याकडून परत घेता येत नाही. एप्रिल २०२५मध्ये नव्या नियमांची ५.२ही त्याच परवान्याने आली.

एसआरडी म्हणजे पूर्ण पुस्तक नव्हे, हे नवख्यांना उशिरा कळते. ५.१मध्ये पात्रांचे बाराही वर्ग आहेत, पण प्रत्येकाचा एकच उपवर्ग; पात्राची पार्श्वभूमी एकच, फीट (पात्राचे जादा कसब) एकच; बिहोल्डर आणि माइंड फ्लेयर या राक्षसांचे आकडे नाहीत. तरी पहिली मोहीम चालवायला ती पुरते आणि फुकट आहे.

क्रिएटिव्ह कॉमन्समुळे मराठी भाषांतरही उघडपणे करता येते, विकताही येते. परवान्यासोबत दिलेली श्रेयाची ओळ तशीच ठेवायची आणि मजकुरात बदल केल्याचे नमूद करायचे. अडचण तांत्रिक आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात मांडणी केली तर पीडीएफमधला शोध पूर्ण निकामी होतो, कारण फाइलीत देवनागरी अक्षरे नसतातच. युनिकोडमध्येही पीडीएफ बनताना ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे यांचा क्रम विस्कटतो. ‘शक्ती’ शोधून सापडेलच असे नाही. म्हणून मूळ मजकूर एचटीएमएल किंवा ईपबमध्ये ठेवावा आणि पीडीएफ फक्त छापण्यापुरती काढावी.