लॉजिटचा आकडा मोठा म्हणून परिणाम मोठा? तसं नाही

फोंड्याच्या एका विद्यार्थिनीने परवा प्रकल्प दाखवला. विषय मडगाव–पणजी बससेवा, प्रवाशांची उत्तरं तीन: असमाधानी, ठीक, समाधानी. अशा क्रमवार उत्तरांची संभाव्यता काढणारी दोन सांख्यिकी मॉडेलं तिने चालवली, प्रोबिट आणि लॉजिट. गर्दीचा सहगुणक (तिचा परिणाम सांगणारा आकडा) प्रोबिटमध्ये उणे ०.५०, लॉजिटमध्ये उणे ०.८५. "लॉजिटमध्ये परिणाम जास्त दिसतो, मग तेच घेते ना?"

हा समज फार जुना आहे आणि चुकीचा आहे. फरक फक्त मोजपट्टीचा. त्रुटीचं, म्हणजे मॉडेलला न उलगडलेल्या भागाचं, प्रमाण विचलन (पसारा मोजणारा आकडा) प्रोबिट १ धरतं, लॉजिट सुमारे १.८१ (π ÷ √३). म्हणून लॉजिटचे सहगुणक साधारण १.६ ते १.८ पट येतात. तुलना दोन्ही मॉडेलांतून निघणाऱ्या उत्तरांच्या संभाव्यतांची करा. टोकं सोडली तर त्या जवळपास सारख्याच निघतात. लॉजिट जरूर घ्या, पण ऑड्सच्या (घडण्याची संभाव्यता भागिले न घडण्याची) भाषेत अर्थ सांगता येतो म्हणून.

मला खरी काळजी वाटते ती समानुपाती ऑड्सच्या गृहीतकाची. 'असमाधानी' विरुद्ध बाकीचे दोन, आणि पहिले दोन विरुद्ध 'समाधानी', या दोन्ही विभागण्यांवर गर्दीचा परिणाम सारखाच, असं हे क्रमवार लॉजिट मॉडेल मानतं. ते तपासायला दोन्ही विभागण्यांचं साधं, दोनच पर्यायांचं लॉजिट वेगवेगळं चालवा आणि सहगुणक शेजारी ठेवून बघा. तिने अजून तेच केलं नव्हतं.