ट्रॅकच्या आधी मोबाइल: मराठवाड्यातील क्रीडा प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

क्रीडा प्रशिक्षणात तंत्रज्ञान शिरले ते मोजमापाच्या वाटेने. जर्मन प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर यांनी १९३० च्या दशकात धाव आणि विश्रांती यांचे टप्पे आखून दिले, आणि त्यांचा शिष्य रुडोल्फ हार्बिग याने १९३९ मध्ये ८०० मीटरचे अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत कापले. पुढे १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये सिंथेटिक ट्रॅक, म्हणजे रबरासारख्या कृत्रिम पृष्ठभागाची धावपट्टी, आला, १९८० च्या दशकात नाडीचे ठोके मोजणारे बिनतारी यंत्र आले आणि २००३ च्या सुमारास उपग्रहाच्या आधारे अंतर सांगणारे मनगटी घड्याळ बाजारात आले.

मराठवाड्यात हा क्रम बराचसा उलटा लागला. सिंथेटिक ट्रॅक आणि प्रयोगशाळा अजून मोजक्याच ठिकाणी असताना मोबाइल मात्र गावोगाव पोहोचला. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे हे त्याआधीच्या वाटेचे ठळक उदाहरण म्हणावे लागेल, कारण शास्त्रशुद्ध प्रशिक्षण त्याला लाभले ते बारावीनंतर सैन्यात भरती झाल्यावर. २०१८ मध्ये त्याने गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा ३००० मीटर स्टीपलचेसचा (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीचा) राष्ट्रीय विक्रम मोडला, २०२२ मध्ये अमेरिकेत उंचावर सराव करून बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवले.

सैन्याबाहेरच्या मुलांसाठी बदल घडवला तो पोलीस भरतीने, आणि क्रीडा खात्यापेक्षा तिचा वाटा मोठा आहे, असे माझे मत आहे. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण मुलांच्या १६०० मीटर धावेला आहेत आणि अनेक ठिकाणी वेळ आता हातातल्या घड्याळाऐवजी धावकाला लावलेल्या चिपवर नोंदली जाते. साहजिकच सरावातही सेकंदांचा हिशोब आला. पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी मुले मोबाइलवरच्या ॲपवर विसंबतात. परंतु ॲप ठरावीक अंतराने घेतलेले ठिकाणांचे बिंदू सरळ रेषांनी जोडत असल्याने, लहान मैदानाच्या वळणांवर अंतर कमी-जास्त भरते. १६०० मीटरमध्ये ५० मीटरची चूक झाली, तर सव्वापाच मिनिटांच्या वेगाने सुमारे दहा सेकंदांचा फरक पडतो, आणि भरतीत तेवढ्याने गुण जातात. म्हणूनच जाणते प्रशिक्षक आजही आधी टेपने मैदान मोजून चुन्याच्या रेषा आखतात आणि मगच मोबाइल हातात घेतात.

खो-खोत गोष्ट निराळी आहे. खो-खोपटू सारिका काळे यांना २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला; त्यांच्या धाराशिवमध्ये या खेळाची परंपरा जुनी आहे, आणि तिथे शिकवणे मुख्यतः नजरेवर चालत आले. पाठलाग करणारा खो मिळण्याआधीच उठला का, खांबाजवळ सूर मारताना त्याचा हात नेमका कधी सुटला, हे क्षणार्धात घडते; प्रशिक्षकाला ते दिसले तरी खेळाडूला पटत नसे. मोबाइलवर मंद गतीने तेच चित्रण दाखवले की वाद मिटतो. मात्र रक्तातील लॅक्टेट (जोरदार श्रमात वाढणारा घटक) तपासायचे झाले, तर कळंब वा आष्टीच्या खेळाडूला अजूनही मोठ्या शहरातील क्रीडा संस्थेकडेच पाहावे लागते.