ख्रिस्ती उन्हाळी शिबिरासाठी मुलांची पूर्वतयारी

उन्हाळी सुट्टीत मंडळ्या (चर्चचे स्थानिक समुदाय), धर्मप्रांत (बिशपच्या अखत्यारीतील विभाग) किंवा ख्रिस्ती संस्था शाळकरी मुलामुलींसाठी निवासी शिबिरे भरवतात. अशा शिबिराला मूल पाठवण्याआधी आईवडील, संडे स्कूलचे, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गाचे, शिक्षक आणि पाळक (मंडळीचे धर्मगुरू) जी शारीरिक, मानसिक व धार्मिक तयारी करून घेतात, तिचा विचार या नोंदीत मराठवाड्याच्या संदर्भात केला आहे. शिबिर साधारण आठवडाभर चालते आणि त्यात प्रार्थना, बायबलचे पाठ, कृतिगीते, खेळ, हस्तकला व शेवटच्या रात्री मुलांचा कार्यक्रम असतो. बोलण्यात त्याला सरळ ‘कॅम्प’च म्हणतात. दिवसा भरणारी आणि नंतर मुलांना घरी सोडणारी सुट्टीतील बायबल शाळा, म्हणजे ‘व्हीबीएस’, ही यापासून वेगळी. मात्र लहानपणी एक-दोन उन्हाळे व्हीबीएसला बसलेले मूल कॅम्पमध्ये लवकर रुळते.

मराठवाड्यातील मूल घराबाहेर राहायला नवखे नसते. शाळेला सुट्टी लागली की मामाच्या गावी जायचे, ही रीत ख्रिस्ती घरांतही इतरांसारखीच आहे. परंतु तेथे ते आईवडिलांपासून दूर असले तरी नात्यातच असते. भूक लागली हे आजीला न सांगता कळते, आणि अंग कोमट लागले तर मामीचा हात आपणहून कपाळावर येतो. शिबिरात दहा-पंधरा मुलांमागे एक ताई किंवा दादा असतो, आणि त्याला मुलाचे नावही पहिल्या दिवशी विचारावे लागते. त्यामुळे घर सोडण्यापेक्षा अनोळखी मोठ्या माणसाजवळ जाऊन आपली गरज सांगणे मुलाला जास्त जड जाते. पूर्वतयारीचा मोठा भाग यासाठी खर्ची पडायला हवा. प्रत्यक्षात तो बॅग भरण्यात जातो.

पार्श्वभूमी

मुलांना सुट्टीत एकत्र करून खेळ, गाणी आणि बायबलचे पाठ देण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटन व अमेरिकेत रुजली. जोसाया स्पायर्स यांनी १८६८ मध्ये वेल्समधील लॅन्डडनो येथील समुद्रकिनाऱ्यावर मुलांच्या सभा घेतल्या, सम्नर डडली यांनी १८८५ मध्ये न्यूयॉर्क राज्यात वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या मुलांसाठी तंबूंचा कॅम्प उभारला आणि रॉबर्ट बोव्हिल यांनी १९०१ मध्ये न्यूयॉर्क शहरात सुट्टीतील बायबल शाळांचे काम सुरू केले. भारतात संडे स्कूलच्या कामाला १८७६ मध्ये स्थापन झालेल्या इंडिया संडे स्कूल युनियनमुळे संघटित रूप आले.

मराठवाड्यातील ख्रिस्ती वस्तीच्या इतिहासात जालन्याला विशेष स्थान आहे. १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री यांनी निजामाच्या राज्यात काम करताना जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना होऊन अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या एका छत्राखाली आल्या. कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ मध्ये अमरावती धर्मप्रांतातून वेगळा झाला. यांखेरीज स्वतंत्र मंडळ्याही आहेत. मूल कोणत्या परंपरेच्या शिबिराला जाते, यावर त्याची धार्मिक तयारी बरीचशी ठरते.

काळ, ऊन आणि पाणी

शिबिर बहुधा ईस्टर आणि वार्षिक परीक्षा आटोपल्यावर, मे महिन्यात भरते. या दिवसांत मराठवाड्यात पारा ४० अंशांच्या पुढे असतो आणि परभणी-नांदेडकडे तो ४३-४४ अंशांपर्यंत चढतो. म्हणून येथे भरणाऱ्या शिबिराचा दिवस पहाटे सुरू करून दुपारी थांबवावा लागतो, आणि खेळ ऊन उतरल्यावर घ्यावे लागतात. ज्या घरात मुले सुट्टीत आठला उठतात, त्या घराने निघण्याच्या आठवडाभर आधी त्यांना साडेपाचला उठवायला आणि दुपारी गाणे-मोबाइलविना पडून राहायला लावलेले बरे. वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या या बदलाने पहिल्या दोन दिवसांची चिडचिड पुष्कळ कमी होते.

पाण्याच्या बाबतीत मराठवाड्यातील मुलांना वेगळे शिकवण्याची गरज फारशी नसते. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि एका बादलीत आंघोळ उरकणे येथे संस्काराचाच भाग आहे. अडचण उलट बाजूने येते. जपून वापरण्याची सवय लागलेली मुले पिण्याचे पाणीही मागायला संकोचतात, आणि खेळाच्या नादात दुपारपर्यंत घोटभर पाण्यावर राहतात. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडते आहे, ही खूण मुलाला घरीच दाखवून द्यावी. चक्कर, मळमळ किंवा डोकेदुखी वाटली तर खेळ संपेपर्यंत थांबायचे नाही, लगेच ताईला सांगायचे, हेही बजावावे. जलसंजीवनीची पाकिटे सोबत द्यावीत. ती नसल्यास १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण मोठ्या मुलांनी पाठ केलेले असावे.

पाचगणी किंवा चिखलदऱ्यासारख्या उंचावरच्या ठिकाणी शिबिर असेल तर मात्र रात्री पांघरूण लागते. नांदेडच्या मुलाला मे महिन्यात स्वेटर घ्यायला सांगणे ही थट्टाच वाटते आणि ते बॅगेतून हळूच काढून ठेवते; बॅगेची शेवटची तपासणी म्हणूनच मोठ्यांनी करावी.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबांचा प्रश्न निराळा आहे. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम संपल्यावर, साधारण मार्च-एप्रिलमध्ये, ही कुटुंबे गावी परततात. काही मुले आईवडिलांबरोबर फडावर असतात, काही आजी-आजोबांजवळ मागे राहिलेली असतात. पाच-सहा महिन्यांनी आई घरी आली आणि लगेच पुढच्या आठवड्यात लेकराला कॅम्पला धाडले, तर ते तेथे रडणारच. त्याला भित्रे ठरवण्यात अर्थ नाही. अशा मुलांसाठी मे महिन्याच्या अखेरचे शिबिर निवडणे किंवा त्या वर्षी व्हीबीएसवर भागवणे योग्य.

मनाची तयारी

मुलाला शिबिराचा दिवस तासातासाने सांगावा: उठल्यावर रांग कुठे लागते, संडास खोलीपासून लांब असू शकतो, जेवण पंगतीत वाढतात, भाजी नावडती असली तरी दुसरी मिळत नाही, दिवे ठरल्या वेळी बंद होतात. ‘लई मजा येते’ एवढेच सांगून पाठवलेल्या मुलाला पहिल्याच रात्री फसवल्यासारखे वाटते. पूर्वी जाऊन आलेल्या एखाद्या मुलाची आणि त्याची गाठ घालून दिल्यास मोठ्यांच्या दहा वाक्यांचे काम होते.

मागण्याची सवय घरीच लावता येते. किराणा दुकानात मुलाने स्वतः बोलावे, चर्चमध्ये उपासना संपल्यावर पाळकांना स्वतः निरोप द्यावा, पाहुण्यांच्या घरी ‘मला अजून भात हवाय’ हे आईच्या कानात न सांगता काकूंना सांगावे. नात्याबाहेरच्या पण ओळखीच्या घरी, उदाहरणार्थ संडे स्कूलमधील मित्राकडे, एक-दोन रात्री झोपण्याचा सराव मामाकडच्या महिनाभराच्या मुक्कामापेक्षा अधिक उपयोगी पडतो, कारण तेथे मुलाला तोंड उघडावेच लागते.

‘करमलं नाही तर लगेच न्यायला येतो’ हे आश्वासन मराठवाड्यातील बहुतेक बाप देतात आणि ते देऊ नये. त्यामुळे मुलाचे सारे लक्ष परत जाण्याच्या वाटेकडे लागते. शिवाय ताई-दादांनी समजूत काढायची सोयही उरत नाही. घरची आठवण सगळ्यांनाच येते, ती संध्याकाळी आणि झोपताना जास्त येते व खेळात गुंतले की ओसरते, एवढे खरे खरे सांगितलेले पुरते. आईने लिहिलेली चिठ्ठी कपड्यांच्या घडीत ठेवण्याची पद्धत चांगली आहे, मात्र तिच्यात ‘तुझ्याविना घर सुनं सुनं वाटतं’ असे काही लिहू नये. शेळीने दोन करडे दिली, विहिरीवरची मोटर दुरुस्त झाली, अशा बातम्या लिहाव्यात.

अंथरुण ओले करणाऱ्या मुलाबद्दल पालक बहुधा गप्प राहतात आणि मग ते मूल आठवडाभर झोपायला भिते. शिबिराच्या ताईला आधी एकांतात सांगितले तर रात्री एकदा उठवण्याची सोय होते. या उन्हात त्यासाठी संध्याकाळचे पाणी तोडणे धोक्याचे आहे. पाळी सुरू झालेल्या किंवा सुरू होण्याच्या वयातील मुलींना आई, आत्या किंवा मावशीने पॅड वापरणे व टाकणे नीट दाखवावे. ख्रिस्ती उपासनेत पाळीमुळे बाजूला बसावे लागत नाही, हे मैत्रिणीबरोबर शिबिराला जाणाऱ्या इतर धर्मांतील मुलींना सांगून ठेवलेले बरे.

सामान

आयोजक यादी देतात. तिच्याबाहेरचे फार देऊ नये. सुती कपडे, टोपी, स्टीलचे ताट-वाटी-पेला, चादर किंवा हलकी वाकळ, बॅटरी, साबण, वही, पेन आणि बायबल यांवर काम भागते. सगळ्यांचे स्टीलचे पेले सारखेच दिसतात, म्हणून भांड्यांच्या दुकानातून त्यांवर नाव कोरून घेतात. कपड्यांवर पेनाने लिहिलेले नाव घाम आणि दोन धुण्यांत पुसट होते. त्यापेक्षा कॉलरच्या आतल्या बाजूस लाल दोऱ्याचे तीन-चार टाके घातले, आणि ‘लाल दोरा तुझा’ असे मुलाला दाखवले, तर वाचता न येणाऱ्या धाकट्यालाही आपला सदरा ओळखता येतो. बॅग मुलाकडूनच भरून घ्यावी. आईने भरलेल्या बॅगेत टॉवेल कुठे आहे हे शनिवारपर्यंत सापडत नाही.

प्रवासासाठी धपाटे आणि दशम्या हे येथले जुने शिदोरीचे पदार्थ, सोबत शेंगदाण्याची चटणी. उन्हात त्या दिवसापुरतेच द्यावे, आठवडाभराचा डबा देऊ नये. खोलीत मुंग्या होतात आणि वाटून खाण्यावरून भांडणे. एसटीत ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट असते, आणि मार्च २०२३ पासून महिलांनाही निम्मे भाडे असल्याने मुलांना पोचवायला आई किंवा आत्या जाणे परवडते.

औषधे मूळ पाकिटात, त्यावर मुलाचे नाव, मात्रा व वेळ लिहून शिबिरप्रमुखाच्या हाती द्यावीत, मुलाच्या नव्हे. दम्याचा पंप मात्र मुलाजवळच हवा. जमिनीवर अंथरूण घालून झोपायचे असल्यास विंचवाचे भान ठेवावे लागते. सकाळी चप्पल-बूट उलटे करून झटकणे आणि अंथरूण झाडणे ही सवय खेड्यातील मुलांना असते, शहरातल्यांना लावावी लागते. दंश झाल्यास मुलाने ताबडतोब सांगायचे आणि शिबिराने त्याला दवाखान्यात न्यायचे, यात घरगुती उपायांसाठी वेळ दवडू नये. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून देणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर हे मूळचे जालना जिल्ह्यातील, हे जाता जाता नोंदवण्यासारखे आहे.

धार्मिक तयारी

नियमित संडे स्कूलला जाणाऱ्या मुलासाठी ही सर्वांत सोपी बाजू. प्रॉटेस्टंट शिबिरात सकाळची शांतवेळ (एकट्याने बायबल वाचून प्रार्थना करण्याची वेळ), सुवचनांचे पाठांतर आणि बायबलमधील वचने शोधण्याच्या स्पर्धा असतात; बायबलमधील पुस्तकांचा क्रम, प्रभूची प्रार्थना, २३वे स्तोत्र आणि योहान ३:१६ येत असले की मुलाला परके वाटत नाही. कॅथलिक शिबिरात मिस्सा (मुख्य उपासनाविधी), जपमाळ आणि पापनिवेदन (धर्मगुरूंपुढे पापांची कबुली) असते. कॅथलिक बायबलात ७३ आणि प्रॉटेस्टंट बायबलात ६६ पुस्तके आहेत, त्यामुळे कोणती प्रत आणायची हे विचारून घ्यावे. गाण्यांत ना. वा. टिळकांच्या (१८६१–१९१९) मराठी गीतांपासून हिंदी कोरसपर्यंत सारे चालते. ते आधी शिकवण्याची गरज नसते.

अनेक प्रॉटेस्टंट शिबिरांत शेवटच्या संध्याकाळी मुलांना ‘निर्णय’, म्हणजे येशूला स्वीकारण्याचा निश्चय, करण्यासाठी हात वर करायला किंवा पुढे यायला सांगतात. दिवे मंद असतात, आठवडाभराची जवळीक झालेली असते, बरीच मुले रडतात. या घटकेची कल्पना पालकांनी आधी द्यावी. हात वर केला तरी ठीक, नाही केला तरी देव रागावत नाही, शेजारच्याने केला म्हणून करू नये, हे नऊ-दहा वर्षांच्या मुलाला नीट समजते, आणि समजून केलेली गोष्टच त्याच्याजवळ टिकते.

शेजारची हिंदू, बौद्ध किंवा मुस्लिम मुलेही मित्राबरोबर येतात. त्यांच्या पालकांना दिवसाचे वेळापत्रक, त्यातील प्रार्थनेचा भाग आणि जेवणातील मांसाहार यांची पूर्ण माहिती देऊन लेखी संमती घ्यावी. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत पालकाच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षणात सहभागी होण्यास भाग पाडता येत नाही, असे राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ मध्ये म्हटले आहे. शिबिर हे शाळा नसले तरी हाच दंडक पाळणे आयोजकांच्याही हिताचे ठरते. प्रार्थनेच्या वेळी गप्प बसून राहिले तरी चालते, हे त्या मुलाला घरून माहीत असावे.

सुरक्षितता व निरोप

मुलांमुलींच्या झोपण्याच्या खोल्या वेगळ्या आहेत का, मुलींसोबत रात्री महिला असतात का, एकटे मूल एकट्या मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत राहणार नाही असा नियम आहे का, जवळचा दवाखाना किती अंतरावर आहे, हे विचारण्यात पाळकांचा अपमान होत नाही. मराठवाड्यातील लहान मंडळ्यांत सगळे ओळखीचे असतात आणि त्या भिडेपायीच हे प्रश्न राहून जातात. मुलाला सुरक्षित आणि असुरक्षित स्पर्श यांतील फरक, तसेच ‘कुणाला सांगू नको’ असे मोठ्या माणसाने म्हटले तर ते घरी सांगायचेच, हे स्पष्ट शब्दांत शिकवावे. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्या कोणत्याही व्यक्तीवर ती पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे, आणि १०९८ या क्रमांकावर मुलांना स्वतः मदत मागता येते. घरचा एक आणि शेजारचा एक असे दोन मोबाइल क्रमांक मुलाला पाठ असावेत, कारण बहुतेक शिबिरांत मुलांना मोबाइल बाळगू देत नाहीत.

पोचवायला गेलेल्यांनी सामान लावून, ताईची ओळख करून देऊन, प्रार्थना करून निघावे. मूल खेळात गुंतल्यावर न सांगता सटकणे सोपे वाटते, पण मग ते दर थोड्या वेळाने फाटकाकडे पाहत राहते. निघताना कोण, कोणत्या दिवशी आणि साधारण किती वाजता घ्यायला येणार हे मुलाला सांगावे, आणि त्याच माणसाचे नाव व मोबाइल क्रमांक प्रवेश अर्जावर लिहावा. ऐनवेळी दुसरे कुणी येणार असेल तर पालकाने शिबिरप्रमुखाला स्वतः फोन करून कळवावे. ओळखीचा चेहरा आहे म्हणून मूल हवाली करण्याची प्रथा आता बऱ्याच शिबिरांनी बंद केली आहे.