एका राऊटरमधून दोन इंटरनेट निघत नाहीत

"राऊटरमध्ये गेस्ट नेटवर्क चालू करा, एकाच बिलात दुसरं कनेक्शन मिळतं" हा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. इथे बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका वाड्यात दोन बिऱ्हाडांनी त्याच भरवशावर एक कनेक्शन बंद करायचं ठरवलं होतं. तसं वाटणं साहजिकच आहे. फोनवर वाय-फायची नावं खरोखर दोन दिसतात: एक नेहमीचं, एक पाहुण्यांसाठीचं गेस्ट.

राऊटर आतून विभागता येतो, एवढं खरं. व्हीएलॅन म्हणजे एकाच तारेवर वेगळी ठेवलेली नेटवर्कं. त्यात डेटाच्या प्रत्येक तुकड्यावर (फ्रेमवर) १२ बिटांचा क्रमांक लागतो, त्यामुळे ४०९४ वेगळी नेटवर्कं करता येतात. मोठ्या राऊटरांत व्हीआरएफ असतं: एकाच डब्यात अनेक स्वतंत्र राऊटिंग टेबलं, म्हणजे कुठला डेटा कुठे पाठवायचा याच्या वह्या. दोन गिऱ्हाइकांनी १९२.१६८.१.१० हाच पत्ता वापरला तरी घोटाळा होत नाही, कारण दोघांची वहीच वेगळी. पण वाड्यात पार्टिशन घातलं म्हणून नळाला पाणी वाढत नाही. बाहेरून येणारी तार तीच.

घरीच बघा. एक फोन मूळ नेटवर्कवर, एक गेस्टवर. दोन्ही राऊटरजवळ ठेवून एकाच वेळी स्पीड टेस्ट लावा. प्लॅन १०० एमबीपीएसचा असेल तर दोन्ही आकड्यांची बेरीज शंभराच्या आसपासच राहील. एकेकट्याने लावून बेरीज करू नका, तिथेच फसगत होते.

मग गेस्टवरून घरचा प्रिंटर शोधून बघा. बहुतेक राऊटरांवर तो दिसणारच नाही, आणि गेस्ट नेटवर्क असतं ते त्यासाठीच.