शालेय सामन्यात खेळाडूने पंचावर हात उचलला तर: कारवाई कोण करतं, कागद कोणते लागतात

शालेय कबड्डीच्या सामन्यात एखाद्या मुलाने सरपंचाला, म्हणजे सामन्याच्या मुख्य पंचाला, ढकललं की कडेच्या गर्दीतून एकदम तीन आवाज येतात. संघ बाद करा. शाळेतून काढा. पोलिसांत द्या. ही तीन वेगवेगळी दारं आहेत आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा माणूस बसलेला आहे. क्रीडा अधिकारी मुलाला शाळेतून काढू शकत नाही, मुख्याध्यापक सामन्याचा निकाल फिरवू शकत नाही आणि पोलीस ठाण्याचा स्पर्धेच्या बंदीशी संबंध नाही. एकाच अर्जात तिन्ही मागण्या घातल्या, तर तो अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. क्रीडाशिक्षक, मुख्याध्यापक आणि पालक या तिघांनाही उपयोगी पडेल अशा बेताने पुढची माहिती लिहिली आहे.

आधी बघा, स्पर्धा कोणाची

शाळेने प्रवेशिका भरून खेळवलेल्या १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांच्या स्पर्धा क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या असतात. जिल्ह्यात त्या जिल्हा क्रीडा परिषद आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय भरवतं. परिषदेचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. रत्नागिरीचं कार्यालय रत्नागिरीत, सिंधुदुर्गचं ओरोसला, रायगडचं अलिबागला. विभागीय स्पर्धेला रत्नागिरी-सिंधुदुर्गचे संघ कोल्हापूर विभागातून खेळतात, रायगडचे मुंबई विभागातून. घटना ज्या पातळीवर घडली, त्या पातळीच्या आयोजकाकडे कागद जातो. विभागीय सामन्यातली मारामारी तालुका संयोजकाच्या गळ्यात मारून उपयोग नाही.

तोच मुलगा शिमग्यानंतर गावातल्या मंडळाच्या संघातून रात्रीच्या चषक स्पर्धेत खेळला आणि तिथे पंचाच्या अंगावर गेला, तर क्रीडा अधिकाऱ्यांचा त्यात हात नाही. तिथे आयोजक मंडळ आणि जिल्हा कबड्डी असोसिएशन. शाळेनेही अशा वेळी उगाच पुढे होऊन मुलाला शिक्षा देऊ नये.

मैदानावरची शिक्षा

ती तिथल्या तिथे होते. कबड्डीत हिरवं कार्ड म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे त्या सामन्यातून हकालपट्टी. अंगावर हात टाकला तर हिरव्या-पिवळ्याची पायरी चढत बसायची गरज नाही. फुटबॉलमध्ये थेट लाल. क्रिकेटच्या २०१७ च्या नियमसंहितेत ४२ वा नियम खेळाडूंच्या वर्तनाचा आहे. पंचाला मारणं, इतकंच काय, मारण्याची धमकी देणंही त्यात सर्वांत वरच्या चौथ्या पातळीवर आहे. खेळाडू उरलेल्या सामन्यातून बाहेर आणि समोरच्या संघाला ५ धावा.

खेळाचा नियम इथे संपतो. पुढचं सगळं कागदावर चालतं आणि आपली प्रकरणं बहुधा तिथेच ढिली पडतात.

सरपंचाचा अहवाल

‘खेळाडूने पंचांशी गैरवर्तन केले, तरी योग्य ती कारवाई व्हावी.’ असा एका ओळीचा अहवाल घेऊन कुणीही काही करू शकत नाही. गैरवर्तन म्हणजे शिवी दिली, कॉलर धरली की कानफटात मारली? आठवड्याने प्रत्येकाची आठवण वेगळी होते आणि मग ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरतं.

चालेल असा अहवाल साधारण असा असतो: ‘दुसरे सत्र, शेवटची चार मिनिटे. बनियान क्रमांक ७ चा चढाईपटू बोनस रेषेवरून परतला. मागचा पाय उचललेला नसल्याने पंचांनी बोनस नाकारला. चढाईपटू मध्यरेषा ओलांडून माझ्याकडे आला आणि त्याने दोन्ही हातांनी माझ्या छातीवर ढकलले. मी मागे पडलो, उजवे कोपर खरचटले. संघनायकाने त्याला मागे ओढले. मी लाल कार्ड दाखवले.’ यात मत कुठेच नाही. कोण, कुठे, कोणता हात, काय लागलं, मध्ये कोण पडलं, एवढंच आहे. ‘उद्धट’, ‘माजलेला’ असले शब्द अहवालात आले की समोरचा पालक पहिल्यांदा त्यावरच बोट ठेवतो.

हा अहवाल मैदान सोडण्याआधी लिहावा. दोन्ही पंचांनी आणि गुणलेखकाने आपापलं म्हणणं वेगळ्या कागदावर द्यावं, एकाच कागदाखाली चौघांच्या सह्या नकोत. सोबत गुणपत्रकाची प्रत, दोन्ही संघांच्या खेळाडूंची यादी, पंचाचा नियुक्ती आदेश आणि पाहणाऱ्या दोघा-तिघांची नावं. पावसाळी सामन्यात गुणपत्रक भिजून शाई पसरते, म्हणून त्याचा फोटो तिथेच काढून ठेवा.

पंचाला लागलं असेल तर त्याच दिवशी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जाऊन केसपेपर काढावा आणि मारहाणीमुळे लागल्याचं डॉक्टरांना स्पष्ट सांगावं, म्हणजे तशी नोंद होते. घरी जाऊन हळद लावून दोन दिवसांनी दाखला मागायला गेलात, तर डॉक्टर दोन दिवसांपूर्वीची जखम लिहून देणार नाहीत, आणि त्यांनी देऊही नये.

क्रीडा अधिकाऱ्यांकडे अर्ज

अर्ज पंच करू शकतो, स्पर्धेचा संयोजक करू शकतो, प्रतिस्पर्धी शाळेचा मुख्याध्यापकही करू शकतो. प्रेक्षकाने केलेली तक्रार ही माहिती म्हणून घेतली जाते, तिच्यावर एकटीवर कारवाई उभी राहत नाही. विषयात स्पर्धेचं नाव, गट, तारीख, मैदान आणि शाळेचं नाव लिहा. मागणी एकच ठेवा: त्या वर्षीच्या स्पर्धा परिपत्रकातल्या शिस्तीच्या अटींनुसार कारवाई. परिपत्रकाची प्रत जोडा, कारण निकालावरच्या आक्षेपाची मुदत आणि फी त्यातच असते. निकालावरचा आक्षेप आणि मारहाणीची तक्रार हे दोन अर्ज आहेत. ‘बोनस द्यायलाच हवा होता’ हे मारहाणीच्या खुलाशात लिहिलं की खुलासा नव्हे, कबुली होते. अर्ज दिल्यावर आवक क्रमांक घातलेली पोहोच घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नका.

किती दिवसांची बंदी योग्य, यावर वाद होतात. अंदाजासाठी फिफाची शिस्तसंहिता बघता येईल: सामना अधिकाऱ्यावर हल्ला केला तर किमान १५ सामने किंवा योग्य तो कालावधी. पण ते मोठ्यांचं फुटबॉल. शालेय मुलाच्या वाट्याला वर्षात मोजकेच सामने येतात. तालुक्याला हरलं की हंगाम संपला, त्यामुळे सामन्यांत मोजलेली बंदी त्याला दोन-तीन वर्षं पुरेल. बंदी तारखेपासून तारखेपर्यंत असावी, असं माझं मत आहे.

शाळेची चौकशी

मुख्याध्यापकांनी मुलाचा लेखी खुलासा त्याच्याच शब्दांत घ्यावा. शिक्षकाने सांगितलेला आणि मुलाने उतरवलेला खुलासा पहिल्या ओळीत ओळखू येतो. मग पालकांना लेखी बोलावणं आणि एक बैठक. जो क्रीडाशिक्षक त्या दिवशी संघ व्यवस्थापक होता, त्याने तिथे साक्ष द्यावी, निर्णयाला बसू नये. निर्णय शाळा समितीच्या ठरावात यावा, त्यात कारण असावं आणि प्रत पालकांना व क्रीडा अधिकाऱ्यांना जावी.

आपल्याकडे वडील मुंबईत, आई गावी आणि बैठकीला येतात आजोबा, हे नेहमीचं. आजोबा आले तर आईचं संमतीपत्र आणि ओळखपत्राची प्रत घ्या. आणि शक्यतो तारीखच अशी धरा की वडिलांना येता येईल. गणपतीत चाकरमानी घरी असतात. शाळेला सुट्टी असली, तरी त्याच्या आगेमागे एक दिवस काढणं अवघड नाही. फोनच्या स्पीकरवर झालेली सुनावणी मी तरी सुनावणी मानत नाही.

शिक्षा काय देता येते? संघातून वगळणं, लेखी ताकीद, हमीपत्र, समुपदेशन. ऊठबशा, मैदानाला फेऱ्या, सगळ्यांसमोर पाया पडायला लावणं नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले आहेत. कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. १४ वर्षांखालचे बहुतेक खेळाडू यातच येतात. ‘दाखला हातात देऊन टाकू’ ही धमकी त्यांच्याबाबतीत पोकळ आहे.

पोलिसांकडे गेलं तर

पहिला प्रश्न वयाचा. घटनेच्या दिवशी १८ पूर्ण नसतील, तर बाल न्याय अधिनियम २०१५ लागू. १९ वर्षांखालील गटात अकरावी-बारावीची काही मुलं अठरा ओलांडलेली असतात. ती कायद्याने सज्ञान आणि त्यांना नेहमीचा फौजदारी कायदा. एकाच संघातल्या दोघांनी मिळून मारलं आणि एक साडेसतरा, दुसरा सव्वाअठरा, तर दोघांच्या वाटा निराळ्या. वयासाठी कलम ९४ प्रमाणे शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र आधी बघतात. ते नसेल तर ग्रामपंचायत वा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच वैद्यकीय चाचणी. म्हणून जनरल रजिस्टरचा उतारा जवळ ठेवा.

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. साधी दुखापत कलम ११५ मध्ये येते, एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा अदखलपात्र. हाड मोडलं किंवा दात पडला की ती जबर दुखापत, कलम ११७, सात वर्षांपर्यंत. एका दाताने प्रकरण इतकं बदलतं. पंच जिल्हा परिषदेच्या शाळेचा शिक्षक असेल आणि कार्यालयाच्या आदेशाने उभा असेल, तर लोकसेवकावरील हल्ल्याच्या कलम १३२ चा मुद्दा येतो. वर नियुक्ती आदेश जोडायला सांगितला तो यासाठीही.

मूल अल्पवयीन असेल तर या कलमांखाली सहसा एफआयआर होत नाही. बाल न्याय अधिनियमाखालच्या २०१६ च्या आदर्श नियमांतला आठवा नियम सांगतो की गुन्हा अतिगंभीर असेल किंवा सज्ञान माणसासोबत मिळून केलेला असेल तरच एफआयआर. एरवी ठाण्याच्या डायरीत नोंद, मुलाचा सामाजिक पार्श्वभूमी अहवाल, आणि ते बाल न्याय मंडळाकडे. ‘गुन्हाच दाखल करत नाहीत’ म्हणून ठाण्यात भांडणाऱ्या पंचाने हे लक्षात घ्यावं. पोलीस टाळत असतीलच असं नाही, नियमच तसा आहे. प्रत्येक ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्यालाच भेटा. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही. ताब्यात घेतलंच तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मंडळासमोर न्यावं लागतं.

मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, त्यांतली किमान एक स्त्री. किरकोळ गुन्ह्याची चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर दोन महिने वाढवून. तरीही संपली नाही तर ती बंद होते. शेवटी समज देऊन घरी पाठवणं, समुपदेशन, समाजसेवा, देखरेखीखाली सोडणं असे आदेश होऊ शकतात. पालकांना दंडही होतो. नोकरीच्या वेळी आड येईल का, हा प्रत्येक बापाचा प्रश्न. बाल न्याय अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे अशा निर्णयाने मुलाला अपात्रता चिकटत नाही.

व्हिडिओ

सामन्याचा व्हिडिओ पुरावा म्हणून पेनड्राइव्हमध्ये द्या, कोणी आणि कोणत्या फोनवर काढला ते लिहून. वाडीच्या, शाळेच्या, माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मुलाच्या नावासकट फिरवू नका. चौकशीतल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा उघड करणं हा याच अधिनियमाच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. स्थानिक बातमीदारांनाही हे लागू.

रेषेबाहेरचा मोठा माणूस

अमेरिकेत टेक्सासमध्ये सप्टेंबर २०१५ मध्ये सॅन अँटोनियोच्या एका हायस्कूलच्या दोन मुलांनी अमेरिकन फुटबॉलच्या चालू सामन्यात पंचाला मागून धडक देऊन पाडलं. मुलं निलंबित झाली. पण चौकशी सहायक प्रशिक्षकापर्यंत गेली, त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि त्याला प्रोबेशन मिळालं. त्याच राज्यात डिसेंबर २०२० मध्ये एडिनबर्गच्या एका खेळाडूने पंचाला आडवं पाडलं. संघ सामना ३५-२१ जिंकला होता, तरी शाळांच्या व्यवस्थापनाने संघाला पुढच्या फेऱ्यांतून काढून घेतलं. आयोजकाची वाट न बघता स्वतः संघ मागे घेणं आपल्या शाळांनाही अशक्य नाही.

आपल्याकडे रेषेबाहेरून ‘मार रे तेका!’ ओरडणारा काका, संघाबरोबर आलेला माजी खेळाडू किंवा खुद्द मार्गदर्शक असतो, आणि अहवालात त्याचा उल्लेखही नसतो. असेल तर लिहा, शब्द जसेच्या तसे. चिथावणी देणारा सज्ञान असतो, त्याला बाल न्याय कायद्याचं छत्र नाही. मार्गदर्शक शाळेचा नोकर असेल, तर त्याला वेगळी कारणे दाखवा नोटीस. मुलाच्या फाइलमध्ये ती मिसळू नये.

गुण, प्रमाणपत्र आणि परत खेळणं

दहावी-बारावीच्या मुलांचा जीव सवलतीच्या गुणांत अडकलेला असतो. ते गुण स्पर्धेतल्या प्रमाणपत्रावर मिळतात आणि प्रस्ताव शाळेकडून क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत बोर्डाकडे जातो. संघाचा क्रमांक रद्द झाला तर प्रमाणपत्र नाही, म्हणून गुणही नाहीत, आणि हा फटका काही न केलेल्या मुलांनाही बसतो. तेव्हा कारवाई एका खेळाडूवर आहे की संघावर, हे आदेशात स्पष्ट लिहून मागा. सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणासाठी पुढे याच प्रमाणपत्रांची पडताळणी होते, त्यामुळे मोघम आदेश वर्षांनंतरही अडचण करतो.

आदेश मान्य नसेल तर विभागीय उपसंचालकांकडे लेखी दाद मागा. सोबत आदेशाची प्रत, मुलाचा खुलासा आणि पोहोच पावती. बंदी संपल्यावर शाळेने कार्यालयाकडून तसं पत्र घ्यावं आणि पुढच्या हंगामाच्या प्रवेशिकेसोबत त्याची साक्षांकित प्रत लावावी. नाहीतर सामन्याच्या सकाळी प्रतिस्पर्धी संघ आक्षेप घेतो आणि मुलगा बनियान घालून बाकावर बसून राहतो.